खाजगी अल्ट्रालाइट पट्टीला अधिकृत मान्यता: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतःच्या मालकीची साधारण ६०० मीटर लांबीची सपाट जागा आहे. तिच्यावर गवताची पट्टी तयार केली आहे आणि दोन-तीन मित्र तिथून आपली अल्ट्रालाइट (अतिशय हलकी, एक-दोन आसनी) विमानं उडवतात. आता ही जागा रीतसर मान्य करून घ्यायची आहे. एक जण सांगतो, खाजगी जमिनीवर काहीच लागत नाही. दुसरा सांगतो, विमानतळाचा पूर्ण परवाना लागेल. यातलं खरं काय?

दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. मान्यता म्हणजे एकच शिक्का, असं कुठल्याही देशात सहसा नसतं. तीन वेगवेगळे प्रश्न असतात आणि ते वेगवेगळ्या टेबलांवर विचारले जातात. या जमिनीचा वापर विमानं उतरवण्यासाठी करता येतो का, हा पहिला. तो स्थानिक प्रशासनाचा आणि नियोजन खात्याचा. वरच्या हवाई हद्दीत तुमच्या येण्याजाण्याने कुणाला अडथळा होतो का, हा दुसरा. तो विमान वाहतूक प्राधिकरणाचा. आणि पट्टी स्वतः सुरक्षित आहे का, हा तिसरा. लहान खाजगी पट्ट्यांच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न अनेक देशांत कुणी तपासायलाही येत नाही, त्याची जबाबदारी थेट मालकावर टाकलेली असते. मी पाहिलेल्या अडकलेल्या फायलींपैकी बऱ्याच एकाच कारणाने अडकल्या होत्या. एका टेबलावरचं उत्तर मिळालं आणि अर्जदाराने काम झालं असं धरलं. अमेरिकेत एफएए (तिथलं विमान वाहतूक प्राधिकरण) खाजगी पट्टीबद्दल जे पत्र देते ते हवाई हद्दीपुरतं असतं, स्थानिक जमीन-वापराच्या नियमांतून त्याने सुटका होत नाही. हे त्या पत्रातच लिहिलेलं असतं, तरी लोक ते पत्र दाखवून नियोजन खात्याशी वाद घालतात आणि हरतात.

म्हणून कागद हातात घेण्याआधी ठरवा की तुम्हाला नेमकी किती मान्यता हवी आहे. काही ठिकाणी अधूनमधून होणाऱ्या वापराला सवलत असते. अमेरिकेच्या पार्ट १५७ नियमांनुसार नवी पट्टी बांधण्याच्या किंवा वापरात आणण्याच्या किमान ९० दिवस आधी फॉर्म ७४८०-१ भरून एफएएला कळवावं लागतं. पण पट्टी फक्त दृश्य-नियमांनी (म्हणजे उपकरणांवर न विसंबता बाहेर पाहून) उडण्यासाठी, सलग ३० दिवसांपेक्षा कमी काळ वापरायची असेल आणि दिवसाला १० पेक्षा जास्त उड्डाण-उतरणं होणार नसतील, तर ही सूचना लागत नाही. ब्रिटनमध्ये मोकळी जमीन वर्षातून २८ दिवसांपर्यंत वेगळ्या नियोजन परवानगीशिवाय तात्पुरती वापरता येते आणि शेतातल्या पुष्कळ पट्ट्या याच तरतुदीवर चालतात. फ्रान्समध्ये तर विमानतळ नसलेल्या जागी अल्ट्रालाइट उतरवण्यासाठी १९८६ पासून स्वतंत्र आदेश आहे. तुमच्या देशात अशी मधली पायरी आहे का, हे सगळ्यात आधी शोधा. ती असेल तर विमानतळाच्या परवान्याच्या मागे लागू नका. परवान्यासोबत अग्निशमन, कुंपण, नोंदवह्या आणि नियमित तपासणी अशी कायमची बांधिलकी येते. दोन-तीन विमानांच्या पट्टीला ती पेलत नाही.

अर्जात मागणी कमीत कमी ठेवा: खाजगी वापर, फक्त दिवसा, फक्त दृश्य-नियमांनुसार, बाहेरच्या विमानांना आधी परवानगी घेऊनच प्रवेश. प्रशिक्षण शाळा, पैसे घेऊन फेऱ्या, वार्षिक मेळावा यांतलं काहीही पहिल्या अर्जात लिहू नका. अधिकारी अर्जातला सगळ्यात मोठा वापर धरून अख्खी फाईल तपासतो. शाळेचा एक शब्द आला की आवाज, वाहतूक, पार्किंग, शौचालयं, सगळे प्रश्न उभे राहतात. पुढे खरंच शाळा काढायची झाली तर मंजूर पट्टीवर सुधारित अर्ज करणं कितीतरी सोपं जातं.

जमिनीच्या कागदांबद्दल फार लिहीत नाही. मालकी किंवा दीर्घ मुदतीचा भाडेकरार, हद्दीची अधिकृत मोजणी, आणि पट्टीवरून कुणाची वहिवाट जाते का याचा स्पष्ट खुलासा, एवढं हवंच. वहिवाटीचा मुद्दा लपवू नका. पायवाट किंवा बैलगाडीची वाट पट्टी ओलांडत असेल, तर ती पाहणीच्या दिवशी दिसणारच.

आता खरं काम. अर्ज लिहिण्याआधी जागा मोजा. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स १४ या दस्तऐवजात विमानतळांची मानकं आहेत. बहुतेक देशांत ती लहान खाजगी पट्टीला जशीच्या तशी लागू होत नाहीत. तरीही फाईल तपासणाऱ्याच्या हातातली मोजपट्टी तीच असते, म्हणून तीच आपणही वापरावी. ८०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या, उपकरणांशिवाय वापरायच्या धावपट्टीसाठी त्यात असं सांगितलं आहे: मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० मीटर आणि दोन्ही टोकांपुढे ३० मीटर जागा अडथळामुक्त हवी. तिथून पुढे उतरण्याच्या वाटेवर १:२० चढाचा एक काल्पनिक पृष्ठभाग धरायचा, लांबी १,६०० मीटर, आणि दोन्ही कडांना १० टक्क्यांनी रुंद होत जाणारा. या पृष्ठभागाच्या वर काहीही डोकावता कामा नये. कडेच्या बाजूंना १:५ चा चढ चालतो. धावपट्टीचा लांबीतला उतार २ टक्क्यांच्या आत हवा.

१:२० म्हणजे जवळजवळ २.९ अंश. पट्टीच्या टोकापुढच्या ३० मीटरच्या रेषेवर उभे राहा आणि क्लिनोमीटर (उंचीचा कोन मोजायचं साधं उपकरण) घेऊन समोरची झाडं, खांब, घरं एकेक करून मोजा. समजा २०० मीटरवर १२ मीटर उंचीचं झाड आहे. २०० ला २० ने भागलं की १० मीटर. म्हणजे झाड २ मीटर वर आलं. झाड तुमचं असेल तर छाटता येतं. शेजाऱ्याचं असेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टी जिथून सुरू धरतात ती रेषा, झाडापासून मागे घ्यावा लागतो. ४० मीटर मागे घेतला की झाडाचा शेंडा बरोबर पृष्ठभागाला टेकतो. झाड वाढणार आहे, म्हणून ६० मीटर धरा. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. थ्रेशोल्ड मागे घेतल्याने त्या बाजूने उतरण्याचा प्रश्न सुटतो, पण त्याच दिशेला उड्डाण करताना ते झाड समोरच उभं असतं. उड्डाणाच्या चढाचा पृष्ठभागही या वर्गात १:२० चाच आहे. तेव्हा त्या दिशेच्या उड्डाणासाठी उपलब्ध लांबी वेगळी काढून नकाशावर वेगळी दाखवावी लागते. दोन्ही दिशांच्या उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या लांब्या अशा चार आकड्यांत वेगवेगळ्या लिहिलेला अर्ज पाहिला की तपासणाऱ्याला कळतं, माणसाने जमिनीवर उभं राहून काम केलं आहे.

विजेच्या तारांकडे विशेष लक्ष द्या. हवेतून तार दिसत नाही, खांब दिसतात. त्यामुळे नकाशावर प्रत्येक खांबाची जागा आणि उंची हवी, आणि तारांची पातळी वरच्या अर्थिंगच्या तारेपासून धरायची, खालच्या वाहक तारांपासून नव्हे. वीज कंपनीकडून तारेवर खुणेचे गोळे बसवून घेता येतात. ॲनेक्स १४ प्रमाणे त्यांचा व्यास ६० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. पण उतरण्याच्या वाटेत अगदी जवळून उच्चदाबाची वाहिनी जात असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे. पट्टीची दिशा बदला किंवा जागा बदला. तिथे गोळ्यांवर विसंबू नका.

लांबीचा हिशेब हा अर्जातला सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माणसाचा जीव त्यावरच अवलंबून असतो. विमानाच्या पुस्तिकेतला आकडा समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानाला, कोरड्या कडक धावपट्टीवर, नव्या इंजिनाने आणि कसलेल्या वैमानिकाने काढलेला असतो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने हलक्या विमानांसाठी काही गुणक प्रसिद्ध केले आहेत आणि ते कुठेही वापरता येतात. दर १,००० फूट उंचीला उड्डाणाचं अंतर १० टक्क्यांनी वाढतं, दर १० अंश तापमानवाढीला आणखी १० टक्क्यांनी. कोरडं आखूड गवत २० टक्के वाढवतं, ओलं गवत ३० टक्के. २ टक्के चढ १० टक्के वाढवतो, मऊ जमीन २५ टक्के किंवा त्याहून जास्त. हे गुणक एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. शेवटी सुरक्षिततेसाठी १.३३ ने गुणायचं.

एक उदाहरण करून पाहू. पुस्तिकेत १५ मीटर उंचीचा अडथळा पार करण्यासाठी २५० मीटर लिहिले आहेत. जागा २,००० फुटांवर आहे, दुपारचं तापमान ३५ अंश. उंचीचा गुणक १.२१, तापमानाचा १.२१, कोरड्या गवताचा १.२. गुणाकार केला की ४३९ मीटर येतात. त्याला १.३३ ने गुणलं की ५८४. हेच गवत ओलं असेल तर ६३३. म्हणजे ६०० मीटरची पट्टी कोरड्या दिवशी जेमतेम पुरते आणि पावसानंतर पुरत नाही. ओल्या गवतावर उतरताना तर अंतर ३५ टक्क्यांनी वाढतं आणि उतरण्याचा सुरक्षा गुणक १.४३ आहे. हा हिशेब अर्जाला जोडा आणि त्याखाली लिहा की पट्टी ओली असताना पूर्ण वजनाने उड्डाण केलं जाणार नाही. स्वतःवर घातलेली अशी अट अधिकाऱ्याने घातलेल्या अटीपेक्षा नेहमीच समंजस असते, कारण ती तुमच्या विमानाला आणि तुमच्या जमिनीला धरून असते.

वाऱ्याची नोंद वर्षभराची हवी. आयकाओच्या शिफारशीनुसार धावपट्टीची दिशा अशी असावी की किमान ९५ टक्के वेळ ती वापरता येईल, आणि आखूड धावपट्टीसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा १० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १९ किलोमीटर धरली जाते. पुष्कळ ट्राइक (पतंगासारख्या पंखाखाली तीनचाकी गाडा लटकवलेली विमानं) आणि हलकी अल्ट्रालाइट विमानं १० नॉटच्या आडव्या वाऱ्यातही अडचणीत येतात, तेव्हा स्वतःच्या विमानाची मर्यादा वापरा. जवळच्या वेधशाळेचे आकडे जोडायला चांगले, पण टेकडीच्या आडोशाचा वारा त्या आकड्यांत दिसत नाही. पट्टीवर खांब उभारून लहान वारामापक लावलात तर त्या नोंदींना तोड नाही. खांबावर विंडसॉकही (वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा) आधीपासूनच असू द्या. ॲनेक्स १४ मध्ये त्याची लांबी किमान ३.६ मीटर आणि मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर सांगितला आहे, आणि त्याच्यावरून वाऱ्याची दिशा ३०० मीटर उंचीवरून कळायला हवी. दुकानात मिळणारे छोटे शोभेचे मोजे इथे कामाचे नाहीत.

हवाई हद्दीचा भाग ताज्या वैमानिकी नकाशावर करा. पट्टीचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीने (जीपीएस वापरतं तीच) द्या. मोजणी खात्याच्या स्थानिक पद्धतीतले आकडे तसेच टाकले तर नकाशावर पट्टी दुसऱ्याच्याच शेतात जाऊन बसू शकते. नियंत्रित हद्द, निषिद्ध आणि धोक्याची क्षेत्रं, लष्करी सराव, जवळचं ग्लायडिंग किंवा पॅराशूटचं केंद्र, रुग्णालयाचं हेलिपॅड, या सगळ्यांची अंतरं स्वतःहून लिहा. शेजारचा विमानतळ नियंत्रित असेल तर अर्ज टाकण्याआधी तिथल्या वाहतूक नियंत्रणाच्या प्रमुखांना भेटा. येण्याजाण्याची ठरलेली वाट, उंचीची मर्यादा आणि संपर्काची पद्धत यावर दोघांच्या सह्यांचा एक-दोन पानी करार झाला, की अर्जावर येणारा सगळ्यात मोठा आक्षेप मुळातच उरत नाही. उड्डाणाची वाट वस्तीवरून जाते का, तेही पाहा. अमेरिकेच्या पार्ट १०३ खाली २५४ पौंडांपेक्षा कमी रिकाम्या वजनाच्या अल्ट्रालाइटला वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण गजबजलेल्या वस्तीवरून उडायला बंदीच आहे. अशा विमानासाठी, ज्या पट्टीच्या दोन्ही टोकांना वस्ती आहे ती मान्य झाली तरी निरुपयोगी.

पक्ष्यांचाही विचार अर्जात दिसू द्या. एफएए पिस्टन इंजिनांची विमानं येणाऱ्या विमानतळांपासून कचरा डेपो आणि पक्ष्यांना ओढून घेणाऱ्या जागा ५,००० फूट, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर, लांब ठेवायला सुचवते. तुमच्या जवळ तलाव असेल तर पहाटे आणि संध्याकाळी पक्षी कुठल्या वाटेने जातात ते पाहून सर्किट (उड्डाण-उतरण्यासाठी पट्टीभोवती घ्यायचा ठरलेला फेरा) दुसऱ्या बाजूला ठेवा.

आणि आता शेजारी. माझ्या मते मान्यता मिळते की नाही, हे निम्म्याहून जास्त इथेच ठरतं. जाहीर नोटीस लागून हरकती मागवल्या गेल्या आणि शेजाऱ्याला ती बातमी नोटिशीतूनच कळली, तर तो हरकत घेणारच. त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही घेतली असती. म्हणून अर्जाच्या आधी घरोघर जा, आणि जाताना सर्किटचा नकाशा घेऊन जा. कुठल्या घरावरून विमान जाणार नाही, हे बोटाने दाखवा. एखादा शांत दिवस ठरवून प्रत्यक्ष उड्डाण करा आणि त्यांना त्यांच्याच अंगणात उभं राहून आवाज ऐकू द्या. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे सर्किट घरांपासून थोडं लांब सरकवलं तरी फरक कानाला कळतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा कर्कशपणा आणि चालू इंजिन पट्टीच्या टोकाशी बराच वेळ तापवत ठेवणं, या दोन गोष्टींनी लोक सगळ्यात जास्त वैतागतात. इंजिन तापवण्याची जागा घरांपासून दूर ठेवा, पहाटेची आणि सुट्टीच्या दुपारची उड्डाणं टाळण्याचं लेखी द्या, आणि तक्रारीसाठी एका माणसाचा फोन नंबर द्या. तो फोन उचलला गेला पाहिजे. गुरं असलेल्या शेजाऱ्याशी वेगळं बोला. जनावरं आवाजाला हळूहळू सरावतात, पण गाभण जनावर कुंपणापाशी बांधलेलं असताना डोक्यावरून कमी उंचीचं उड्डाण झालं तर शेजाऱ्याचा राग रास्तच आहे. शेजाऱ्यांची लेखी संमती मिळाली तर जोडा. कुणी सही द्यायला तयार नसेल तर आग्रह करू नका. त्याचा मुद्दा आणि त्यावर तुम्ही काय केलं, हे दोन ओळींत अर्जातच लिहा. हरकतीला आधीच उत्तर दिलेली फाईल मंजूर करणं अधिकाऱ्याला सोपं जातं.

फाईल जाडजूड करू नका. वर एक पानाचं पत्र, त्यात मागणी आणि वापराची मर्यादा. मग जमिनीचे कागद, मोजमापांसह आराखडा, दोन्ही बाजूंच्या अडथळ्यांचा छेद, लांबीचा हिशेब, वाऱ्याच्या नोंदी, हवाई हद्दीचा नकाशा, शेजाऱ्यांची बाजू, तृतीय पक्षाच्या विम्याची प्रत, आणि आणीबाणीचं एक पान. या शेवटच्या पानावर रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येणार, फाटकाची किल्ली कुणाकडे, इंधन कुठे आणि किती साठवलं आहे, अग्निशामक कुठे टांगले आहेत, एवढं असू द्या. विमानाला बॅलिस्टिक पॅराशूट (संकटात रॉकेटने उघडून अख्खं विमान खाली आणणारं) असेल तर त्याचं रॉकेट कुठे बसवलं आहे तेही लिहा. अपघातानंतर मदतीला धावलेला माणूस ते न पेटलेलं रॉकेट अजाणता पेटवू शकतो. प्रत्येक टेबलावर अर्ज दिल्याची पोच आणि आवक क्रमांक घ्या आणि तीनही कार्यालयांना एकच आराखडा द्या. एका नकाशावर ५८० मीटर आणि दुसऱ्यावर ६०० दिसलं, की पुढच्या प्रत्येक आकड्यावर शंका घेतली जाते.

पाहणीच्या दिवशी गवत कापलेलं, कडेच्या खुणा चुन्याने रंगवलेल्या आणि विंडसॉक वर हवा. अधिकाऱ्याला गाडीतून पट्टीवर न्या. ताशी ४०-५० किलोमीटरने गाडी आचके न देता जात असेल, तर पृष्ठभागाबद्दल बोलायचं फारसं उरत नाही. त्याला दोन्ही टोकांना उभं करा, क्लिनोमीटर त्याच्या हातात द्या आणि झाड मोजू द्या. त्याचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळला की उरलेल्या कागदांवर तो विश्वास ठेवतो. त्या दिवशी उड्डाण करून दाखवण्याची घाई मात्र करू नका. वारा बरोबर नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. नियम पाळणारा मालक कसा असतो, हे त्याला तिथेच दिसतं.

उत्तर सशर्त येण्याची शक्यता जास्त. अटी वाचताना प्रत्येक अटीसमोर ती कोण आणि कशी पाळणार हे लिहून ठेवा. जी पाळता येणार नाही तिच्यावर मुदतीत लेखी म्हणणं मांडा. गप्प राहून सही केली तर पुढे तीच अट तुमच्याविरुद्ध वापरली जाते. मंजुरीला मुदत आहे का आणि काम पूर्ण झाल्याची सूचना द्यायची आहे का, ते पाहा. अमेरिकेत पट्टी तयार झाल्यावर १५ दिवसांच्या आत कळवावं लागतं. नंतर लांबी बदलली, दिशा बदलली, नवा मनोरा उभा राहिला, तरी कळवायचं. आणि कधी पट्टी बंद केलीत तर तेही कळवा, पट्टीवर मोठी फुलीची खूण करा आणि नकाशावरून नाव काढून घ्या. इंजिन बंद पडलेला एखादा अनोळखी वैमानिक तो नकाशा पाहून तुमच्या जमिनीकडे वळू शकतो.